कागदावरून स्क्रीनपर्यंत जाता जाता आकडे सांडतात: कार्यस्मृतीच्या व्यायामांचा खरंच उपयोग होतो का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

माझं काम कागदावरचे आकडे संगणकात भरण्याचं. कागद डाव्या हाताला, कीबोर्ड समोर. मध्ये अंतर जेमतेम हातभर, आणि तेवढ्यात आकडा सांडतो. 47193860 वाचते, मान वळवते, 4719 टाइप होतं आणि पुढचे चार अंक गायब. पुन्हा कागद, पुन्हा स्क्रीन. कधी कधी आकडा आठवतो, पण चुकीचा, आणि तेव्हा मला अगदी खात्री असते की बरोबर आहे. ती चूक जास्त छळते, कारण ती संध्याकाळी ताळा लागत नाही तेव्हाच कळते.

जुन्या गोष्टी मला छान आठवतात. शाळेतल्या कविता, लोकांचे वाढदिवस, कुठली फाइल कुठल्या कप्प्यात, सगळं. अडतं ते हातातलं चालू काम डोक्यात धरून ठेवताना. याला वर्किंग मेमरी किंवा कार्यस्मृती म्हणतात, असं वाचलं. म्हणून मेंदूच्या व्यायामाच्या एका अॅपची वर्गणी भरली आणि सहा आठवडे एकही दिवस न चुकवता रोज वीस मिनिटं खेळले. खेळातली पातळी दोनवरून पाचवर गेली. कामात मात्र मान पूर्वी वळायची तितकीच वळते आहे.

माझं काही चुकतंय का? तुमच्यापैकी कुणी असे व्यायाम केले असतील तर काय केलं, किती दिवस केलं आणि फरक कुठे पडला, ते सविस्तर लिहा.

जिद्दी

धागा आवडला. मी दीड वर्ष डबल एन-बॅक करतोय. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एकामागून एक अक्षरं ऐकू येतात, समजा त, क, म, क. दोनच्या पातळीवर प्रत्येक अक्षर दोन घरं मागच्या अक्षराशी ताडून पाहायचं. चौथं अक्षर क, दोन घरं मागेही क, म्हणजे बटण दाबायचं. त्याच वेळी नऊ घरांच्या जाळीत एक चौकोन इकडून तिकडे उड्या मारतो, त्याचीही जागा तशीच ताडायची. गंमत अशी की नुसतं लक्षात ठेवून भागत नाही. दर क्षणी सगळ्यात जुनं अक्षर टाकायचं, नवं घ्यायचं आणि मधल्यांचे क्रमांक सरकवायचे. तीनच्या पातळीला पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागलं होतं.

एन-बॅकची मूळ कल्पना वेन किर्चनर यांची, 1958 सालची. गाजली ती 2008 मध्ये. सुझन यॅगी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही आठवडे डबल एन-बॅक केल्यावर लोकांचे तर्कबुद्धीच्या चाचणीतले गुण वाढले, आणि जितके दिवस जास्त तितकी वाढ जास्त. सहा आठवडे कमी आहेत, ताई. सोडू नका.

मनोवेध

जिद्दी, तुमचं सातत्य मोठं आहे आणि एन-बॅकचं वर्णन अगदी नेमकं केलंत. पण 2008 नंतरची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर पाटीपेन्सिल आणखी सहा महिने स्वतःलाच दोष देत बसतील. मानसशास्त्र माझा अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

त्या पहिल्या प्रयोगात तुलनेसाठी जो गट होता त्याला काहीच काम दिलेलं नव्हतं. एका गटाने महिनाभर घाम गाळला, दुसरा नुसता चाचणी देऊन गेला. अशा वेळी उमेद, अपेक्षा आणि चाचणीची सवय यांचाच परिणाम किती, हे वेगळं काढता येत नाही. 2013 मध्ये थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या गटालाही तितक्याच मेहनतीचं वेगळं काम दिलं, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांमध्ये फरक दिसला नाही. 2010 मध्ये एड्रियन ओवेन यांच्या चमूने 11,430 लोकांना सहा आठवडे ऑनलाइन खेळ खेळायला दिले होते. लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, पण न खेळलेल्या चाचण्यांमध्ये जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. 2016 मध्ये मोनिका मेल्बी-लेर्व्होग, रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी 87 प्रकाशनांमधले निष्कर्ष एकत्र केले. सराव केलेल्या कामासारख्याच कामात सुधारणा होते, दूरच्या कामात पोहोचत नाही, असा त्याचा सूर. उलट बाजूही सांगतो. यॅगी यांच्या गटाने 2015 मध्ये एन-बॅकचे प्रयोग एकत्र केले तेव्हा त्यांना लहानसा का होईना, फायदा दिसला होता. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण पारडं कुठे झुकलंय हे मला तरी स्पष्ट दिसतं.

त्यामुळे पाटीपेन्सिल, तुमचं काही चुकलेलं नाही. सहा आठवडे खेळ शिकलात आणि खेळ तुम्हाला आला.

पाटीपेन्सिल

वाचून हलकंही वाटलं आणि वाईटही. म्हणजे ही क्षमता जन्माला येताना जेवढी मिळाली तेवढीच? मग व्यायाम हा शब्दच चुकीचा?

मनोवेध

नाही, नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो, या विषयातली माझी सगळ्यात आवडती.

1980 मध्ये अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फलून यांनी एका विद्यार्थ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नोंदीत त्याचं नाव फक्त एस. एफ. सेकंदाला एक या वेगाने अंक ऐकायचे आणि क्रमाने परत म्हणायचे, एवढंच काम. सुरुवातीला त्याला सातच अंक जमायचे, म्हणजे तुमच्याआमच्याएवढेच. आठवड्यातून काही दिवस, रोज तासभर, असं दीड वर्षाहून जास्त काळ चाललं. एकूण 230 तासांच्या आसपास सराव झाला आणि तो 79 अंकांपर्यंत पोहोचला.

आता हे कसं जमलं ते बघा. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. 3492 ऐकलं की त्याला चार अंक ऐकू यायचे नाहीत, एक मैल धावण्याची वेळ ऐकू यायची: 3 मिनिटं 49.2 सेकंद, जागतिक विक्रमाच्या जवळपास. चार अंकांची एक मोळी बांधली गेली. पुढे त्याने मोळ्यांच्याही मोळ्या केल्या. आणि मग संशोधकांनी अंकांऐवजी अक्षरं दिली. एस. एफ. लगेच सहाच्या आसपास आला.

मला वाटतं तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एकाच माणसात आहेत. कार्यस्मृती म्हणजे एक छोटी पाटी समजा. त्या पाटीचा आकार वाढला नाही. पाटीवर कमी जागेत जास्त कसं लिहायचं हे तो शिकला, आणि तेही ज्या विषयात त्याच्याकडे आधीच भरपूर ज्ञान होतं त्याच विषयात. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सात अधिक-उणे दोन हा आकडा सांगितला, तो बहुतेकांना माहीत असतो. 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की मोळ्या बांधायला आणि मनात घोकायला वाव दिला नाही तर खरी जागा चार गोष्टींपुरतीच आहे. फक्त ती गोष्ट केवढी असावी, हे आपल्या हातात असतं.

अंकलिपी

वाचनखूण साठवली. मनोवेध यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि मराठीत आकडे भरणाऱ्यांचा एक खास मुद्दा.

आपल्याकडे दोन अंकी संख्येत एकक आधी बोलतो. सत्तेचाळीस म्हणताना कानावर आधी सात येतो, हाताला मात्र आधी चार लिहायचा असतो. एकोणचाळीस तर त्याहून अवघड. ऐकू येतं चाळीस, त्यातून एक उणा करायचा आणि लिहायचा तीन. आपण सवयीने ही उलटापालट करतो, पण थकलेल्या वेळी तीही त्या छोट्याशा पाटीवरची जागा खाते.

दुसरं म्हणजे, आकडा डोळ्यांनी वाचला तरी आपण तो धरून ठेवतो आवाजाने. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये कार्यस्मृतीचा जो आराखडा मांडला त्यात आवाजाचा एक वेगळा भाग आहे, चित्रांचा वेगळा, आणि दोघांवर लक्ष ठेवणारा मुकादम वेगळा. आवाजाच्या भागात साधारण दोन सेकंदांत मनातल्या मनात म्हणून होईल एवढंच टिकतं. म्हणून लांब शब्द कमी मावतात, आखूड जास्त. आणि 1964 मध्ये आर. कॉनराड यांना आढळलं की अक्षरं डोळ्यांनी दाखवली तरी लोकांच्या चुका सारख्या उच्चारांच्या होतात, सारख्या आकारांच्या नाही.

पाटीपेन्सिल, तुमच्या चुका एकदा उच्चारून बघा. माझा अंदाज आहे की बावन्नच्या जागी बासष्ट असलं काहीतरी सापडेल.

पाटीपेन्सिल

अंकलिपी, काल ताळ्याच्या वेळी पकडलेल्या आठवड्याभराच्या चुका काढून एकेक मोठ्याने वाचली. अंगावर काटा आला. 29 च्या जागी 39. 53 च्या जागी 63. 59 च्या जागी 69. एकोण-एकोणचा तर सुळसुळाट. कागदावर 5 आणि 6 एकमेकांसारखे दिसतही नाहीत, तरी चूक तीच. इतकी वर्षं मी याला नजरचूक म्हणत होते. डोळ्यांचा नंबरसुद्धा तपासून घेतला होता!

दुभाषी

माझा सगळा पेशाच या पाटीवर चालतो, म्हणून लिहितो. वक्ता तीन-चार मिनिटं बोलतो, थांबतो आणि मग मला ते सगळं दुसऱ्या भाषेत सांगायचं असतं. प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात आम्हाला वही हातात घेऊच दिली नव्हती. एक मिनिटाचं बोलणं ऐकायचं आणि लगेच सांगायचं: काय झालं, कशामुळे झालं, पुढे काय. शब्द धरायचे नाहीत, सांगाडा धरायचा. ते जमलं की दोन मिनिटं, मग तीन. ज्या दिवशी शब्दांच्या मागे धावलो त्या दिवशी चौथ्या वाक्याला पाय घसरलाच.

दुसरा सराव सावलीचा. कुणी बोलत असताना त्याच्या मागोमाग, अर्ध्या वाक्याच्या अंतराने, त्याच भाषेत तेच म्हणत जायचं. ऐकणं, धरणं आणि बोलणं तिन्ही एकाच वेळी. सुरुवातीला दोन मिनिटांत जीभ अडखळते. हे रोज दहा मिनिटं करून मला स्पष्ट फायदा झाला, पण तो झाला ऐकून बोलण्यातच. फोन नंबर मी आजही लिहूनच घेतो. मनोवेध म्हणतात तसंच: ज्या कामासाठी हवं, त्याच कामाचा सराव, थोड्या थोड्या वाढत्या ओझ्याने.

आणि आकडे आले की आम्ही ताबडतोब कागदावर टिपतो, कितीही अनुभवी असलो तरी. आकड्याला सांगाडा नसतो, त्याला धरायला काहीच नसतं.

निशिगंध

माझ्या मुलाचं विचारायचं होतं, धागा थोडा भरकटला तर माफ करा. नऊ वर्षांचा आहे. "दप्तर आवर, डबा बाहेर काढ आणि वहीवर सही घेऊन ये," असं सांगितलं की दप्तरापाशी जाऊन उभा राहतो आणि तिथलंच एखादं पुस्तक वाचत बसतो. शाळेतून "लक्ष नसतं" असा शेरा येतो. गोष्ट सांगायला लागला की मात्र बारीकसारीक तपशिलासकट सांगतो. त्याच्यासाठी व्यायाम आहेत का?

खडूफळा

निशिगंधताई, वीस वर्षं लहान वर्गांना शिकवते आहे. तुम्ही लिहिलेलं मूल माझ्या प्रत्येक वर्गात असतं आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण ते मूल ऐकत नाही असं नसतं. त्याने ऐकलेलं असतं, पण पहिलं काम करता करता उरलेली दोन पुसली जातात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन गॅदरकोल यांनी अशा मुलांवर खूप काम केलंय. कार्यस्मृती कमी पडणाऱ्या मुलांना शिक्षक बऱ्याचदा बेलक्ष समजतात, हे त्यांनी दाखवून दिलं. ही क्षमता वयाबरोबर वाढत जाते, किशोरवयापर्यंत वाढते, म्हणून नऊ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाएवढं धरण्याची अपेक्षाच करू नका.

मी वर्गात काय करते ते सांगते. एका वेळी एकच सूचना, आणि ती आखूड. दोन द्यायच्याच असतील तर मुलाने त्या मला स्वतःच्या शब्दांत परत सांगायच्या, मग जायचं. परत सांगताना पोपटपंची नको, "आधी काय, मग काय" असं विचारायचं. तिसरी गोष्ट बोटावर. अंगठा म्हणजे दप्तर, पहिलं बोट म्हणजे डबा, मधलं बोट म्हणजे सही. काम झालं की बोट मिटायचं. बोटं पुसली जात नाहीत.

एक मुलगी होती माझ्याकडे, हातच्याची बेरीज तिला येता येईना. पाढे पाठ, मांडणी स्वच्छ, तरी उत्तर चुकीचं. एके दिवशी शेजारी बसून पाहिलं. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, एक हातचा, आणि पुढच्या रकान्यात सहा नि चार मिळवता मिळवता तो हातचा विरघळून जायचा. तिला म्हटलं, हातचा मनात नको, रकान्याच्या डोक्यावर लिही. हातचा लिहिणं म्हणजे कच्चेपणा, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. आठवडाभरात तिची गणितं बरोबर यायला लागली. महिन्याभराने ती न लिहिता करू लागली, कारण आठ नि सात पंधरा हे तोवर विचार न करता यायला लागलं होतं आणि पाटीवर हातच्यासाठी जागा झाली होती.

पाढे आणि बेरजा तोंडपाठ करून घेण्याला मी अजूनही चिकटून आहे ते यासाठीच. जे आपोआप येतं ते पाटीवर जागा घेत नाही.

मुलाला वाचनात, लिहिण्यात, सगळ्याच विषयांत त्रास होत असेल तर मात्र बालमानसतज्ज्ञांना एकदा दाखवा. शेऱ्यांवर सोडू नका.

निशिगंध

खडूफळाताई, बोटांचं आजच केलं. सही घेऊन आला! मनापासून आभार.

उत्तरायण

मी सत्तरी ओलांडली आहे. आतल्या खोलीत जातो आणि कशासाठी आलो ते विसरतो, दाराशी परत आलो की आठवतं. भीती वाटते. रोज शंभरातून सात सात वजा करत खाली येतो: 93, 86, 79, 72... हा व्यायाम उपयोगी आहे का?

मनोवेध

काका, दाराशी परत आल्यावर आठवतं, म्हणजे गोष्ट पुसली गेलेली नव्हती, फक्त हातातून सुटली होती. वय वाढतं तशी ही पकड थोडी सैल होतेच, सगळ्यांचीच. ठरलेली भेट घडून गेली हेच आठवत नाही, ओळखीच्या वाटेवर चुकायला होतं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारला जातो, असं काही घरच्यांच्या लक्षात आलं तर डॉक्टरांकडे जावं. झोप, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, काही औषधं, उदासी यांनीही स्मृतीवर परिणाम होतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो, त्यामुळे तपासून घेण्यात नुकसान नाही.

सात सात वजा करणं ही डॉक्टर लक्ष तपासायला वापरतात ती पद्धत. पण रोज शंभरापासूनच सुरू केलंत तर महिन्याभरात ती यादी पाठ होते आणि पाटीला कामच उरत नाही. रोज वेगळ्या आकड्यापासून सुरू करा, एके दिवशी 113, दुसऱ्या दिवशी 98, कधी सहा वजा करा तर कधी आठ. त्यातून वजाबाकी ताजी राहील. खोलीत जाताना मात्र "चष्मा, चष्मा" असं पुटपुटत जा. तो व्यायाम नाही, पण चष्मा मिळेल. आणि चालणं सोडू नका, मी कुठल्याही खेळाआधी तेच सांगेन.

सायली_नव्हे

एक मुद्दा राहून गेला असं वाटतं. पाटी लहान आहे तसं तिच्यावर आधीच काय लिहून ठेवलंय हेही बघायला हवं. घरात आजारपण चालू होतं तेव्हा माझी अवस्था पाटीपेन्सिल यांच्यासारखीच होती. साधा पत्ता धरता येत नव्हता. 2001 मध्ये किटी क्लाइन आणि अॅड्रिएल बोल्स यांनी विद्यार्थ्यांना मनातली घालमेल सलग काही वेळा लिहून काढायला सांगितली, तेव्हा काही आठवड्यांनी त्यांची कार्यस्मृती साध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा सुधारलेली दिसली. मी हे वाचलं नव्हतं तेव्हाही रात्री वही घेऊन बसायचे. सकाळी डोकं मोकळं असायचं, हे मात्र नक्की. अपुऱ्या झोपेचंही तसंच.

जिद्दी

दोन दिवस विचार करून लिहितोय. मनोवेध यांनी दिलेली माहिती मला टोचली, कारण दीड वर्ष घातलंय. पण स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं की बदल कुठे झाला. एन-बॅकमध्ये. आणि वीस मिनिटं फोन न बघता एका जागी बसण्यात. दुसरी गोष्ट मला मोलाची वाटते, ती मी ठेवणार. पण आता त्या वीस मिनिटांत दुभाषी यांचा सांगाड्याचा सराव करून बघणार आहे. मला बैठकींची टिपणं काढायची असतात, तिथे तो थेट उपयोगी पडेल.

पाटीपेन्सिल

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. तीन आठवडे करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

अॅप बंद केलं. कागद डावीकडून उचलून स्क्रीनला टेकवून उभा केला, ओळीखाली फूटपट्टी. हातभर अंतर वीतभर झालं. आधी जोड्या करून पाहिल्या: सत्तेचाळीस, एकोणीस, अडतीस, साठ. चारच मोळ्या होतात, पण अंकलिपी म्हणाले ती उलटापालट आणि एकोणचा गोंधळ तसाच राहतो. मग सुटे अंक, पण तालात: चार सात एक, नऊ तीन आठ, सहा शून्य. प्रत्येक शब्द आखूड, एका दमात म्हणून होतं, आणि गटांमधल्या विरामाने शेवटचे दोन सांडत नाहीत. पहिल्या आठवड्यात वेग कमी झाला, साहेबांनी विचारलंही. दुसऱ्या आठवड्यात तो ताल बोटांत उतरला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी जुन्या रद्दी कागदावरचे आकडे पाच मिनिटं वाचते, झाकते, टाइप करते, ताडते. सहा अंकांपासून सुरू केलं, आता नऊवर आहे.

आज सकाळच्या गठ्ठ्यात बहुतेक आकडे एका नजरेत गेले. ताळा पहिल्या फटक्यात लागला. खात्यांचे सुरुवातीचे तीन अंक, म्हणजे शाखेचा क्रमांक, पुन्हा पुन्हा तेच येतात हेही आता दिसायला लागलंय, त्यामुळे ते तीन मिळून माझ्यासाठी एकच खूण झाली आहे. एस. एफ.ला धावण्याच्या वेळा ऐकू यायच्या, मला शाखा ऐकू येतात.

सलग मोठी रक्कम शब्दांत लिहिलेली असली की मात्र अजून अडतं. काल "एकोणसाठ हजार एकोणसत्तर" आलं, तेव्हा फूटपट्टी तिथेच ठेवून दोनदा वाचलं आणि मग टाइप केलं.